फॉर्मवरचं ‘पित्त’: सीटी कॉन्ट्रास्टच्या रिॲक्शनचं एक प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्गातल्या एका सीटी केंद्रातलं आहे. रुग्ण ओळखू येऊ नये म्हणून वय, गाव आणि काही तपशील बदलले आहेत. औषधांचे डोस, घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र तशाच ठेवल्या आहेत. इमेजिंग शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. त्या दिवशी कन्सोलवर माझ्या शेजारी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी बसली होती. फॉर्म भरताना एक चूक तिच्या हातून झाली, पण ती होईल अशी सोय आम्हीच करून ठेवली होती. आणि पुढे दोन वेळा तिला जे सुचलं ते मला सुचायला हवं होतं.

पार्श्वभूमी

जुलैचा पाऊस. सकाळपासून दोनदा लाइट जाऊन आली होती, त्यामुळे कॉन्ट्रास्ट (सीटीत अवयव आणि रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते आयोडीनचं औषध) गरम ठेवायची पेटी नीट तापली आहे का हे मी दोनदा बघितलं. थंड कॉन्ट्रास्ट दाट असतो. इंजेक्टरनं तो जोरात ढकलायचा तर दाब वाढतो, म्हणून तो ३७ अंशांपर्यंत तापवून घ्यायचा असतो.

काकी पन्नाशी ओलांडलेल्या, वजन ५२ किलो. देवगडकडच्या एका खाडीकाठच्या गावातून सुनेला घेऊन पहाटेच्या एसटीनं आलेल्या. पोटात उजवीकडे दुखतं म्हणून सोनोग्राफी झाली होती आणि तीत यकृतात ४ सेंटिमीटरची गाठ दिसली होती. ही रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, म्हणजे हिमॅन्जिओमा, की दुसरं काही, हे ठरवायला तीन टप्प्यांचा सीटी सांगितला होता. इंजेक्शननंतर साधारण ३५ सेकंदांनी धमन्यांचा टप्पा, ७० सेकंदांच्या आसपास यकृतात रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेचा आणि ५ मिनिटांनी उशिराचा, म्हणजे डिले फेज. हिमॅन्जिओमा कडेकडेनं भरत आत येतो, म्हणून त्याच्यासाठी शेवटचा टप्पा फार मोलाचा. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझा पाय इथेच अडकला.

औषध आयोहेक्सॉल, एका मिलिलिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम आयोडीन असलेलं. किलोला दीड मिलिलिटर धरून ८० मिलिलिटर. म्हणजे शरीरात गेलेलं आयोडीन झालं २४ ग्रॅम. माणसाच्या सगळ्या शरीरात मिळून एरवी १५–२० मिलिग्रॅम आयोडीन असतं, हे डोळ्यांपुढे ठेवलं की ८० मिलिलिटर म्हणजे काय ते कळतं. सुई उजव्या कोपराच्या आत, गुलाबी, २० गेजची. वेग सेकंदाला साडेतीन मिलिलिटर. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम सांगणारा रक्तातला आकडा, ०.९. मधुमेह नाही, त्यामुळे मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा प्रश्न नाही. दमा नाही.

फॉर्म विद्यार्थिनीनं भरला. ‘कोणती ॲलर्जी?’ या रकान्यापुढे ‘नाही’. ‘इतर आजार’ या रकान्यात दोन शब्द: ‘बीपी, पित्त’. पित्तापुढे कंसात ‘अधूनमधून’. बीपीच्या गोळीचं नाव लिहिलेलं नव्हतं. खाली काकींचा अंगठा, सुनेची सही.

मी तो फॉर्म बघितला. क्रिएटिनिनचा आकडा दोनदा बघितला. ‘पित्त’ हा शब्द वाचला आणि पुढे गेलो. ॲसिडिटी कोणाला नसते!

अडचण

सुई लावताना सिस्टरनी सहज विचारलं, पावसात जेवायला काय असतं गावाकडे? मासेमारी बंद असते तेव्हा आपल्याकडे सुक्यावरच भागवावं लागतं. सून म्हणाली, “घरात सोड्यांचा कालवण असता, पण आईंका सुंगटां सोसनत नाय. तोंडाक खाज येता.”

विद्यार्थिनी ताडकन उभी राहिली. “सर, कोळंबीची ॲलर्जी आहे. आयोडीन द्यायचं का?”

तिला दोष नाही. माशांत आयोडीन, कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन, म्हणून कोळंबी न चालणाऱ्याला कॉन्ट्रास्टही चालायचा नाही, हे गणित अजून कित्येक ठिकाणच्या छापील फॉर्मवर आहे. ऐकायला ते चोख वाटतं आणि साफ चुकीचं आहे. कोळंबी, कुर्ल्या यांच्या ॲलर्जीचं मुख्य कारण त्यांच्या स्नायूंतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन. आयोडीनचा त्यात काही संबंध नाही. आयोडीन थायरॉइडच्या संप्रेरकात असतं, रोजच्या मिठात असतं, त्याच्याशिवाय माणूस जगत नाही. कॉन्ट्रास्टची रिॲक्शन येते ती त्या सबंध रेणूला, आतल्या आयोडीनच्या अणूला नव्हे. कसलीही ॲलर्जी असलेल्या माणसाला कॉन्ट्रास्टचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो खरा, पण त्यात कोळंबीचं आणि अंड्या-दुधाचं वजन सारखंच. निव्वळ तेवढ्यावरून कॉन्ट्रास्ट नाकारत नाहीत आणि आधी स्टेरॉइडही देत नाहीत.

हे सगळं मी तिला तिथंच समजावून सांगितलं. चांगली पाच मिनिटं. शेजारच्या खोलीत सोनोग्राफी करत असलेल्या डॉक्टरांना विचारून आलो, तेही तेच म्हणाले. शिकवल्याचं समाधान मला मिळालं आणि त्या समाधानात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. तो छापील फॉर्मवर नव्हताच: याआधी कधी असं इंजेक्शन घेतलं होतं का, आणि तेव्हा काय झालं?

आधीच्या कॉन्ट्रास्टला आलेली रिॲक्शन हा या सगळ्या यादीतला सर्वांत वजनदार धोका आहे. अशा रुग्णात पुन्हा रिॲक्शन येण्याची शक्यता सुमारे पाचपट धरतात. कोळंबीवर आम्ही पाच मिनिटं घालवली, यावर पाच सेकंदही नाही.

समोर असलेले पर्याय

त्या क्षणी आमच्यासमोर चार वाटा होत्या. साधा, बिनऔषधाचा सीटी करायचा, तर यकृतातल्या गाठीबद्दल त्यातून जवळजवळ काहीच कळलं नसतं. तारीख पुढे ढकलून स्टेरॉइडची तयारी करायची, तर प्रेडनिसोलोन ५० मिलिग्रॅम १३, ७ आणि १ तास आधी, आणि शेवटच्या डोसबरोबर ॲलर्जीविरोधी औषध. म्हणजे काकींना आदल्या संध्याकाळपासून गोळ्या आणि पावसात पुन्हा एक फेरी. बांबोळीला, म्हणजे गोव्याच्या मेडिकल कॉलेजला पाठवायचं, तर तिथं जाण्यायेण्यात दिवस मोडतो आणि कारण काय लिहायचं, कोळंबी? चौथी वाट म्हणजे आत्ता करायचं.

समोर जेवढी माहिती होती तेवढीवर चौथी वाट बरोबर होती. आजही मी हे म्हणेन. निर्णय चुकला नव्हता, तो ज्या माहितीवर उभा होता ती अर्धवट होती. आणि ही माहिती मिळवणं आमच्याच हातात होतं.

आणखी एक गोष्ट मनाशी कबूल करायला हवी. हल्लीच्या नॉन-आयनिक, म्हणजे विरघळल्यावर विद्युतभारित कणांत न फुटणाऱ्या कॉन्ट्रास्टवर आपला फार विश्वास बसलाय. तो अस्थानी नाही. १९९० मध्ये जपानच्या कातायामा आणि सहकाऱ्यांनी ३ लाख ३७ हजारांवर इंजेक्शनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या आयनिक औषधांत १२.६६ टक्के वेळा काही ना काही त्रास झाला होता, नॉन-आयनिकमध्ये ३.१३ टक्के. गंभीर रिॲक्शन ०.२२ टक्क्यांवरून ०.०४ टक्क्यांवर आल्या होत्या. दहा हजारांत चार. महिनोन्‌महिने काही घडत नाही आणि हात सैल पडतात.

प्रत्यक्ष काय घडलं, काय केलं

सलाइन ढकलून शीर तपासली, फुगली नाही. “काकी, अंगातून गरम लाट जाईल, लघवी झाल्यासारखं वाटेल, घाबरू नका,” असं विद्यार्थिनीनं सांगितलं. त्यावर काकी म्हणाल्या, “होय, ठाव आसा.”

हे दोन शब्द आम्ही तिघांनीही ऐकले. ठाव आसा. ज्यानं कॉन्ट्रास्ट कधी घेतलाच नाही त्याला ते ठाऊक कसं असेल? नंतर मी हे वाक्य किती वेळा आठवलंय ते मोजत नाही.

पहिले दोन टप्पे सुरेख आले. उशिराच्या टप्प्याची वाट बघत बसलो होतो. इंजेक्शनला साडेतीन मिनिटं होत आली होती. डोक्यावर घेतलेले हात काकींनी खाली आणले आणि एका तळहातानं दुसरा तळहात चोळायला सुरुवात केली. हिरव्या बांगड्यांचा आवाज इंटरकॉमवर येत होता. विद्यार्थिनी काचेला नाक लावून उभी होती. ती म्हणाली, “सर, टेबल बाहेर घेऊ या.”

मी म्हणालो, “थांब, दीड मिनिटावर डिले आलाय.”

तळहात, तळपाय, टाळू यांना खाज सुटणं ही बऱ्याचदा मोठ्या रिॲक्शनची पहिली खूण असते. मी हे वर्गात शिकवतो. अर्ध्या मिनिटानं काकी खोकल्या, कोरडा आणि तुटक खोकला, आणि मग मी उठलो. टेबल बाहेर आलं तेव्हा मानेवर आणि छातीवर लाल गांधी उठलेल्या होत्या, आवाज घोगरा झाला होता, श्वासाला शिटी होती. ऑक्सिजन ९१ टक्के, रक्तदाब ८४/५०, नाडी ६६.

नाडी ६६. हा आकडा आम्हाला भोवला. रक्तदाब पडतो आणि नाडी मंद राहते, ते चित्र भोवळीचं, व्हेसोवेगल. सुई बघून माणूस घेरी येऊन पडतो ते. तेव्हा पाय उंच करतात, सलाइन देतात, गरज पडली तर ॲट्रोपिन. ॲनाफायलॅक्सिसमध्ये, म्हणजे सबंध अंगावर उसळणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीत, नाडी पळायला हवी. मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा, “व्हेसोवेगल वाटतंय.” सिस्टरनी ट्रेमध्ये नेहमी भरून ठेवलेलं एव्हिल (ॲलर्जीविरोधी औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) दिलं. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला, छाती ऐकली.

त्या गडबडीत विद्यार्थिनी दाराबाहेर गेली आणि सुनेकडून गोळ्यांची पिशवी घेऊन आली. बीपीची गोळी होती ॲटेनोलॉल ५०. बीटा-ब्लॉकर. नाडी पळत नव्हती कारण गोळीनं तिला धरून ठेवलं होतं. डॉक्टरांनी स्ट्रिप बघितली आणि एकच वाक्य बोलले, “ॲड्रेनॅलिन, मांडीत, अर्धा एमएल.” ॲनाफायलॅक्सिसवरचं पहिलं औषध हेच.

एका मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असलेल्या अँप्यूलमधून ०.५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. टेबल बाहेर आल्यापासून ॲड्रेनॅलिन आत जाईपर्यंत साधारण चार मिनिटं गेली. खरं तर पुराव्याला काही कमी नव्हतं. गांधी, शिटी आणि पडलेला रक्तदाब हे तिन्ही एकत्र आले की नाडी काय म्हणते याची वाट बघायचीच नसते. भोवळीत गांधी उठत नाहीत, छाती वाजत नाही.

पाय उंच, सलाइन धो धो, श्वासनळ्या मोकळ्या करायला सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन. पाच मिनिटांनी रक्तदाब ८८, म्हणून तेवढाच दुसरा डोस. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत ॲड्रेनॅलिनचा गुण कमी येऊ शकतो. अशा वेळी ग्लुकागॉन १ ते ५ मिलिग्रॅम शिरेतून सावकाश देतात. ते आमच्याकडे नव्हतं. दुसऱ्या डोसनंतर रक्तदाब १०६/६८, ऑक्सिजन ९६ झाला आणि काकी म्हणाल्या, “पाणी देवा.” मी त्यांच्या पायांशी उभा होतो. माझे हात थरथरत होते.

निष्पत्ती

काकींना २४ तास अतिदक्षता विभागात ठेवलं, कारण अशी रिॲक्शन काही तासांनी पुन्हा उसळू शकते. उसळली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी गेल्या. तिसरा टप्पा हुकला होता, तरी पहिल्या दोन टप्प्यांत कडेच्या गाठी-गाठींनी भरत जाणारं चित्र स्पष्ट होतं. साध्या, बिनऔषधाच्या एमआरआयनं पुढे त्याला दुजोरा दिला. हिमॅन्जिओमाच. ज्या टप्प्यासाठी मी अर्धं मिनिट थांबलो तो न घेताही निदान झालं.

त्या संध्याकाळी वऱ्हांड्यात सून भेटली. तिनं सांगितलं ते असं: दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरला काकींचा छातीचा सीटी झाला होता, इंजेक्शन देऊन. “तेव्हाय आंगार असाच पित्त उठलेला. सकाळपासून पोटात काय नव्हता म्हणान उठला, असा आमका वाटला. आमसुलाचा पाणी लावला, उतरला.”

फॉर्मवरचं ‘पित्त’ ते हे होतं. काकींनी माहिती लपवली नव्हती. त्यांनी विचारल्याबरोबर सांगितली होती, आमच्याच भाषेत. आपल्याकडे छातीत जळजळलं तरी पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. दोन्हीवर कोकम, एकात पोटात आणि दुसऱ्यात अंगावर. एकाच शब्दात दोन आजार राहतात. मीही त्याच मुलखात वाढलोय, माझ्या आजीनंही मला आमसूल चोळलंय, आणि तरी कन्सोलपुढे बसल्यावर मी त्या शब्दाचा एकच अर्थ वाचला.

कोल्हापूरचा जुना अहवाल सुनेनं पुढच्या खेपेला आणला. त्यात ‘नॉन-आयनिक कॉन्ट्रास्ट दिले’ एवढंच होतं. औषधाचं नाव नाही, डोस नाही, आणि घरी जाताना अंगावर काय उठलं ते त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

‘ॲलर्जी आहे का?’ हा प्रश्न आम्ही आता तसा विचारत नाही. हा शब्द ज्यांना माहीत आहे तेही त्याचा अर्थ शिंका आणि धूळ असा घेतात. आता विद्यार्थी विचारतात: मशीनमध्ये घालून फोटो काढताना हातात इंजेक्शन देऊन अंग गरम झालं होतं का कधी? त्या दिवशी किंवा त्या आठवड्यात अंगावर काही उठलं? खाज, सूज, धाप? कोणतं खाणं, कोणती गोळी सोसत नाही, आणि खाल्ली तर नेमकं काय होतं? रुग्णानं ‘पित्त’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न: पोटातलं की अंगावरचं? आठवड्याचा उल्लेख मुद्दाम आहे, कारण कॉन्ट्रास्टच्या काही रिॲक्शन तासाभरानंतर ते आठवड्याभरात अंगावर उमटतात. रुग्ण त्यांचा संबंध इंजेक्शनशी लावतच नाही.

गोळ्यांची पिशवी प्रत्यक्ष बघायची. ‘बीपीची गोळी’ हे औषधाचं नाव नव्हे. बीटा-ब्लॉकर चालू आहे म्हणून कॉन्ट्रास्ट थांबवत नाहीत, पण ते ठाऊक असेल तर ६६ च्या नाडीनं आमची चार मिनिटं खाल्ली नसती.

आधीची रिॲक्शन कळली असती तर? मग सगळ्यात आधी डॉक्टरांशी बोलून प्रश्न बदलायचा होता: हेच उत्तर दुसऱ्या तपासणीनं मिळेल का? इथं एमआरआयनं मिळालं असतं. सीटीच हवा असता, तर आधीच्या औषधाचं नाव शोधून त्याऐवजी दुसरं वापरायचं, स्टेरॉइडची तयारी पुरेशा तासांची करायची आणि आपत्कालीन चमू हाताशी ठेवायचा. स्टेरॉइडबद्दल एकमत नाही. अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ते बराच काळ सुचवलं, युरोपीय सूचनांचा भर औषध बदलण्यावर आहे. दोन्हीकडच्या लोकांना एक मात्र मान्य आहे की स्टेरॉइड दिलं म्हणून रिॲक्शन येणारच नाही असं नसतं. आणि टेबलावर घ्यायच्या अर्धा तास आधी हायड्रोकॉर्टिसोन टोचून मनाची समजूत घालायची पद्धत निरुपयोगी आहे. त्याचा परिणाम व्हायला चार-पाच तास तरी हवेत.

एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोनचं भरलेलं सिरिंज आम्ही ट्रेमधून काढलं. हा बदल सिस्टरना पटवायला मला वेळ लागला. हातात भरलेलं असतं ते आधी टोचलं जातं. आता ट्रेमध्ये पहिल्या कप्प्यात ॲड्रेनॅलिनची अँप्यूल, १ मिलिलिटरची सिरिंज, स्नायूत द्यायची लांब सुई आणि एक चिठ्ठी: ‘मोठ्यांना ०.५ एमएल, मांडीत, पाच मिनिटांनी पुन्हा’. शिरेतून द्यायचं दहापट पातळ ॲड्रेनॅलिन वेगळ्या कप्प्यात, कारण घाईत ही अदलाबदल जीव घेऊ शकते. अँप्यूल गुलाबी किंवा तपकिरी पडली असेल तर ती फेकायची.

आणि डिले फेज. इंजेक्शननंतर रुग्णात काहीही नवं दिसलं, खाज, खोकला, घसा साफ करणं, तर टेबल बाहेर. ज्याला दिसलं त्यानं बाहेर घ्यायचं, मला विचारायचं नाही. हे मी वर्गात फळ्यावर माझ्या नावानिशी लिहून सांगितलं आणि विद्यार्थिनीची माफी तिथंच मागितली. ती बरोबर होती आणि मी वयानं, हुद्द्यानं तिला थांबवलं होतं.

काकींना एक कार्ड दिलंय. त्यावर औषधाचं नाव, प्रमाण, तारीख, काय झालं आणि कशानं उतरलं ते मराठीत आणि डॉक्टरांना लागेल अशा इंग्रजीत. ‘आयोडीनची ॲलर्जी’ असं त्यावर लिहायचं नाही, हे मी दोनदा बजावलं. तसं लिहिलं तर उद्या कोणी त्यांचं मीठ बंद करेल आणि दुसरा कोणी जखमेला लावायच्या औषधावर अडून बसेल, पण आयोहेक्सॉल हे नाव कुठंच राहणार नाही.

ही ॲनाफायलॅक्सिसच होती याला दुजोरा देणारी ट्रिप्टेजची रक्ततपासणी पहिल्या दोन तासांत पाठवायला हवी होती, ती राहिली. त्वचेची चाचणी करून कोणता कॉन्ट्रास्ट चालेल ते ठरवणारा ॲलर्जीतज्ज्ञ आमच्या जवळपास नाही. काकी एवढ्यासाठी पुण्या-मुंबईला जातील असं वाटत नाही. ग्लुकागॉनची मागणी मी त्याच आठवड्यात दिली. ते महाग आहे, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि न वापरता मुदत संपते, म्हणून ती मागणी दोनदा परत आली. तिसऱ्यांदा या प्रकरणाची प्रत जोडून पाठवली आहे. तोवर शहरात ते कोणत्या औषध दुकानात मिळतं ते विचारून, त्या दुकानाचा नंबर कन्सोलच्या वर भिंतीवर चिकटवलाय.